एका कान्याचं पुराण

ज्या गृहस्थांच्या नऊ वर्षांच्या कथाकल्पना मी एका दुपारी वाटीभर दूध घालून मायक्रोवेव्हमध्ये सात मिनिटं गरम केल्या, त्यांच्याइतका शिस्तीचा माणूस मी दोन्ही खंडांत पाहिलेला नाही. हे माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचे यजमान. साडूचं नातं मोठं समतेचं असतं. मी त्यांचा साडू, ते माझे साडू. मी त्यांना ‘साडूबुवा’ म्हणतो, ते मला ‘साडूबुवा’ म्हणतात, आणि फोनवर आमचं बोलणं ऐकणाऱ्याला हा माणूस स्वतःशीच गप्पा मारतोय असं वाटतं. दोघांची घरं अमेरिकेत, ॲन आर्बरमध्येच, मोटारीनं दहा मिनिटांवर. मी गेलो तर वीस, कारण मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नकाशे सांभाळतो आणि रस्ते चुकतो.

साडूबुवांचा धंदा दारं लावण्याचा. मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत एक यंत्र मोटारीचं दार उघडतं आणि लावतं, उघडतं आणि लावतं, आणि साडूबुवा शेजारी वही घेऊन ते दार कधी कुरकुरतं याची वाट पाहत उभे असतात. माणूस दिवसभर जे करतो ते त्याच्या अंगात मुरतंच. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी फ्रिजचं दार तीनदा उघडून लावलं, कान देऊन ऐकलं आणि आमच्या हिला म्हणाले, “बिजागरीला दोन वर्षं आहेत.” बिजागरी बरोबर दोन वर्षांनी गेली. तेव्हापासून आमची ही त्यांना फार मानते. लग्नानंतरच्या माझ्या एकाही भाकिताला असं यश आलेलं नाही.

अशा माणसानं कादंबरी लिहावी याला काही कारण नव्हतं, आणि साडूबुवांनी ती तशीच, काही कारण नसताना, लिहायला घेतली. एका हिवाळ्यात बर्फानं तीन दिवस घरात कोंडलं होतं, तेव्हा त्यांनी तळघरात वॉशिंग मशीनशेजारी एक टेबल मांडलं आणि पहिलं प्रकरण लिहून काढलं. “छापायची आहे का?” असं मी विचारलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघून म्हणाले, “लोक परसात टोमॅटो लावतात ते काय मंडईत न्यायला? गंमत म्हणून लिहितोय.” मात्र ही गंमत त्यांनी दार लावण्याइतक्याच गांभीर्यानं केली. दर शनिवारी सकाळी नऊ ते अकरा. रेघारेघांचा कागद. पुण्याहून आणलेलं शाईचं पेन, आणि पुण्याहूनच आणलेली निळी शाई. दर खेपेला दोन बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, लोकरी मोज्यात घालून. ताईंना, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, या प्रकाराबद्दल आदर नव्हता. त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून हाक मारत, “अहो, तुमचं पुराण आटपलं असेल तर वर या, कुकर उतरलाय.” साडूबुवांना नाव आवडलं. त्यांनी वहीवर तेच घातलं: ‘पुराण’.

कादंबरीत घाटावरच्या एका लहान गावातला पोस्टमास्तर होता. एकटा राहायचा, लोकांची पत्रं वाटायचा, त्याला स्वतःला कधी पत्र यायचं नाही. सहा प्रकरणं त्याचं बरं चाललं होतं. सातव्याच्या शेवटी एक बाई ट्रंक घेऊन त्याच्या दारात येते आणि विचारते, “मास्तर आहेत का?” तिथे साडूबुवांनी पेनाला टोपण लावलं. त्यानंतर ती बाई दारातच उभी होती. आम्ही सगळे तिला ओळखत होतो. शनिवारी भेट झाली की मी विचारायचो, “आली का आत?” ते म्हणायचे, “विचार चालू आहे.” दर शनिवारी ते सहाव्या प्रकरणातल्या पत्रांवरची तिकिटं बदलायचे, नाहीतर मास्तरच्या अंगणात एखादं झाड वाढवायचे. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली. तिचं मराठी भारताच्या तीन फेऱ्यांत आणि हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणींत मिळून तयार झालेलं. ती कॉलेजातून सुटीला आली की आधी पिशवी खाली ठेवायची आणि मग म्हणायची, “बाबा, जस्ट लेट हर इन, यार! तिचे पाय दुखत असतील.”

प्रकरण आठ अडलं याचं साडूबुवा जे कारण सांगत ते असं, की कादंबरी लिहायला बसलं की भलत्याच गोष्टी सुचतात. आणि खरोखरच सुचत. एकच चष्मा वापरणारे दोन सख्खे भाऊ. स्वतःच्याच निधनाच्या चुकून छापलेल्या बातमीतलं शुद्धलेखन सुधारायला वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलेला शाळामास्तर. या कल्पना वेळकाळ बघत नसत. त्यांच्या घरी सत्यनारायण होता, साडूबुवा यजमान म्हणून पाटावर बसले होते, आचमनाचं पाणी तळहातावर होतं, आणि अचानक ते पाणी तसंच धरून उठले आणि खिशातलं पेन काढता येईना म्हणून कोपरानं मला खुणावू लागले. मी पेन काढलं, त्यांनी सांगितलं ते लिहून घेतलं, ते परत बसले. गुरुजी शिकागोहून आलेले होते आणि त्यांना परत जायची घाई होती. त्यांनी मंत्र थांबवला नाही. हमरस्त्यावर मोटार चालवताना तर हे नेहमीचंच. शाईचं पेन असल्यामुळे चालत्या गाडीत लिहिता येत नसे, म्हणून ते गाडी कडेला घेत. एकदा मागे पोलिसाची गाडी येऊन थांबली. काय झालं, असं त्यानं विचारलं. साडूबुवा म्हणाले, एक कल्पना सुचली. पोलिसानं थोडा विचार करून विचारलं, चांगली आहे का? साडूबुवा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, “ते सहा महिन्यांशिवाय सांगता येणार नाही.”

हे सहा महिने म्हणजे त्यांच्या शिस्तीचा कळस. त्यांचा पहिला नियम असा, की नव्या कल्पनेला चालू कादंबरीत शिरू द्यायचं नाही. “कादंबरी म्हणजे एस.टी. नव्हे साडूबुवा, वाटेत कुणी हात दाखवला की थांबायला.” दुसरा नियम असा, की कल्पना फेकायचीही नाही. चिठ्ठीवर लिहायची, घडी घालायची आणि तळघरातल्या मोठ्या फ्रीझरमध्ये, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मी म्हटलं, “टेबलाच्या खणात का नाही?” तर म्हणाले, “खणातली चिठ्ठी रोज उघडून बघावीशी वाटते. फ्रीझरमध्ये हात गार पडतो, माणूस लवकर झाकण लावतो.” आणि पुढे म्हणाले, “ताज्या कल्पनेला वास येत नाही, म्हणून सगळ्याच चांगल्या वाटतात. सहा महिन्यांनी काढून बघायची. तेव्हाही खायच्या लायकीची असेल तर तिची कथा करायची.” सिद्धांत उत्तम होता. फक्त नऊ वर्षांत त्यांनी त्या डब्यातून एकही चिठ्ठी बाहेर काढल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. कादंबरी संपली की डबा उघडायचा, असं आता ठरलं होतं.

खरं कारण मला एका जानेवारीत कळलं. त्यांच्या घरापुढचा बर्फ आम्ही दोघं फावड्यानं ओढत होतो. बर्फ ओढताना माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, त्यामुळे खरं बोलतात. साडूबुवा फावडं टेकून म्हणाले, “बाईला आत घेतली की कादंबरी संपते. कादंबरी संपली की डबा उघडायला लागतो. आणि डब्यात नऊ वर्षांत एकही बरी गोष्ट निघाली नाही तर?” मी म्हटलं, “असं कसं होईल!” तर ते म्हणाले, “तुमची पेटी काय म्हणते?” मी पुन्हा बर्फ ओढायला लागलो. ही पेटी मी सहा वर्षांपूर्वी मिरजेहून आणली होती, विमानात मांडीवर घेऊन, शेजारच्या प्रवाशाची दोनदा माफी मागून. लहानपणी सुटलेलं वाजवणं पुन्हा सुरू करायचं होतं. ती आमच्या कपाटात खोक्यासकट आहे. इथली हवा कोरडी आहे, स्वर उतरतात, जरा दमट दिवस बघून काढू, असं माझं चाललेलं असतं. “वेळ होत नाही,” मी म्हटलं. “मलाही,” ते म्हणाले.

त्यानंतरच्या मार्चात होळी आली. इथल्या आम्हा मराठी मंडळींचं होळीचं जेवण एका शाळेच्या हॉलमध्ये असे. बाहेर गुडघाभर बर्फ, त्यामुळे होळी पेटवायची नाही, फक्त बोंब मारायची, तीही हळू, आणि पोळ्या खायच्या. त्या वर्षी पोळ्या आमच्या हिच्याकडे होत्या. ती सकाळपासून हॉलच्या स्वयंपाकघरात कणीक तिंबत होती. पुरण ताईंनी आधीच करून गोठवून ठेवलं होतं. ते त्यांच्याकडून आणायचं, आमच्या घरी गरम करायचं आणि हॉलवर पोचवायचं, एवढं काम माझ्याकडे दिलं होतं. फ्रिजवर आमच्या हिनं चिठ्ठी लावली होती: ‘एक वाटी दूध घाला. सात मिनिटं. मध्ये उघडून बघू नका, वाफ जाते.’ चिठ्ठी पेन्सिलीनं. या दोघी बहिणींना शाईचा भरवसा नाही. दोघींच्या स्वयंपाकघरात दोऱ्याला बांधलेली पेन्सिल लटकत असते, वाणसामानाच्या याद्यांसाठी.

इथल्या मराठी घरातल्या डब्यावर जे छापलेलं असतं ते आत कधीच नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. मार्गारिनच्या डब्यात आमटी असते, दह्याच्या डब्यात गोडा मसाला. म्हणून ताई प्रत्येक झाकणावर कागदी चिकटपट्टी लावून वर नाव लिहीत. मी गेलो तेव्हा त्या चटणी वाटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, “खाली फ्रीझरमध्ये वरच्याच थरात आहे. पट्टीवर लिहिलंय. वाचा म्हणजे झालं.” मला वाचता येतं असं त्या धरून चालल्या होत्या. बाहेरच्या थंडीतून आत आल्यामुळे माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती. वरच्या थरात आइस्क्रीमचे दोन डबे होते. जवळच्याची पट्टी मी बोटानं अर्धी पुसली. पु, र, ण. डबा उचलला तर हलका लागला. पुरण इतकं हलकं झालंय म्हणून मी ताईंचं मनात कौतुकही केलं.

घरी आल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या हिच्या सूचना शब्दशः पाळल्या. झाकणाचा एक कोपरा उचलला, दूध ओतलं, कोपरा दाबला, सात मिनिटं लावली आणि मध्ये उघडून बघितलं नाही. पाचव्या मिनिटाला शाळेतल्या दौतीचा वास आला. मला लहानपणची आठवण येऊन बरं वाटलं. सातव्या मिनिटाला मी डबा काढला. आतलं पुरण निळं होतं. चमच्यानं ढवळलं तर चमच्याला एक घडी लागून आली. ती उघडली, वर निळ्या ढगाखेरीज काही नव्हतं. दुसरी उघडली, त्यात ‘चष्मा’ एवढा एकच शब्द वाचता आला. मग मी झाकण दिव्यापाशी नेलं. पट्टीवरचा बर्फ आता विरघळला होता, आणि र-च्या पुढे एक काना सरळ उभा होता.

पुढचा पाऊण तास मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. दिवाणखान्यात वर्तमानपत्रं पसरली, चिठ्ठ्या एकेक करून त्यांवर मांडल्या आणि आमच्या हिचं केस वाळवायचं यंत्र घेऊन गुडघ्यांवर बसलो. चिठ्ठ्या वाळत होत्या, पण त्यांतली अक्षरं परत येत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

“अहो, लाट्या करून बसल्ये मी. पुरण कुठाय?”

“पुरण नाही,” मी म्हटलं, “पुराण आलंय.”

“काय?”

“काना होता.”

तिच्या मागे पोरांची हळू आवाजातली बोंब ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “गरम केलंत?”

“सात मिनिटं.”

“तिथेच बसा,” ती म्हणाली. “आणखी कशाला हात लावू नका. मी भाऊजींना घेऊन येते.”

त्या होळीला आमच्या मंडळींनी साध्या पोळ्या डब्यातल्या आमरसाबरोबर खाल्ल्या. इकडे अर्ध्या तासानं आमचं दार उघडलं आणि उंबऱ्यात तिघं उभी राहिली: आमची ही, ताई, आणि मधे साडूबुवा, टोपीवर बर्फ. माझ्या हातात यंत्र चालूच होतं. ‘आत या’ म्हणायला माझं तोंड उघडेना. ती तिघंही उंबऱ्यातच थांबली, आणि शेवटी आमची हीच म्हणाली, “अहो, ते बंद करा. भाऊजी, आत या.”

साडूबुवा बूट काढून आत आले. हात पाठीमागे बांधून, प्रयोगशाळेत करत असतील तसे, वर्तमानपत्रांच्या कडेकडेनं फिरले. मग म्हणाले, “किती मिनिटं?”

“सात.”

“फुल पॉवर?”

“हो.”

“दूध कुठलं?”

“दोन टक्क्यांचं.”

त्यांनी मान हलवली. दूध साईचं असतं तर निकाल वेगळा लागला असता की काय, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. नऊ वर्षांत साठलेली मंडळी, ते दोन भाऊ, त्यांचा एक चष्मा, शुद्धलेखनवाला शाळामास्तर, सगळी निळी होऊन पडली होती. साडूबुवांचा चेहरा मात्र बर्फ ओढताना असतो तसाच होता. मग ते एका चिठ्ठीपाशी वाकले. ती निळी नव्हती. वाणसामानाच्या यादीचा कपटा होता, कडेला दुधाचा डाग, आणि वर पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं स्वच्छ वाचता येत होतं. दहाबारा मिनिटं आधी मी तो कपटा, डब्यात चुकून पडलेला म्हणून, बाजूला टाकला होता. साडूबुवांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं:

“पोहे जाडे, मोहरी, साबण. तिला आत घ्या. ट्रंक जड असते.”

असे पाच कपटे निघाले. दुसऱ्यावर होतं, ‘मास्तरनं आधी विचारायचं, जेवलीस का? बाकीचं नंतर.’ तिसऱ्यावर, ‘कोण कुठली हे ठरत नसेल तर राहू दे. चहा करता येतो ना त्याला?’ चौथा आमच्या सगळ्यांच्या चेष्टेबद्दल होता, आणि त्यात माझं नाव होतं, ते सोडून देतो. पाचवा साडूबुवांनी मोठ्यानं वाचला नाही. वाचून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मला देण्यात काही अर्थ नव्हता, पण त्या वेळी त्यांना कुणाच्या तरी हातात द्यायचं असावं. ‘इथे पहिल्यांदा आले तेव्हा मी पण उभी होते ना,’ त्यात होतं. ‘तुम्ही विमानतळावर भलत्याच दाराशी, मी इकडे घराच्या दाराशी, दोन तास, पायात चपला. तरी आत आल्यावर बरं वाटलं.’

ताई आमच्या खिडकीकडे बघत होत्या. आपल्या बहिणीला म्हणाल्या, “पडदे धुवायला झालेत गं तुझे.”

“हे कधी लिहिलंस?” साडूबुवांनी विचारलं.

“सामान आणायचं असेल तेव्हा.”

“मला सांगायचं की मग.”

“डब्यात टाकलं होतं की!” ताई म्हणाल्या. “सहा महिन्यांनी उघडणार होतात ना तुम्ही?”

साडूबुवांनी पाचही कपटे घडी करून, जिथे पेन असतं त्या खिशात ठेवले. निळ्या चिठ्ठ्यांकडे त्यांनी परत बघितलं नाही. मी पुन्हा एकदा माफी मागायला सुरुवात केली, तर ते बूट घालता घालता म्हणाले, “राहू द्या हो. आता त्या सगळ्या चांगल्याच होत्या.”

एप्रिलमध्ये एका शनिवारी साडेदहाला त्यांचा फोन आला. अकराच्या आत त्यांचा फोन कधी येत नाही. “साडूबुवा,” ते म्हणाले, “ती आत आली.”

“कोण?” मी विचारलं. मला अशा वेळी उशिराच कळतं.

“ती हो. ट्रंक मास्तरनं उचलली. चहा झालाय, साखर कमी पडली.” मागून ताईंचा आवाज आला, “दोन चमचे म्हणावं!” आणि त्यांनी फोन ठेवला. कादंबरी पानं गळायच्या सुमाराला संपली. ती अजून वॉशिंग मशीनवरच्या फळीवर आहे. टोमॅटो कुणी मंडईत नेत नाही. कल्पना त्यांना अजूनही सुचतात, हमरस्त्याच्या कडेला गाडी अजूनही थांबते, पण आता चिठ्ठी पेन्सिलीनं लिहितात आणि संध्याकाळी जेवताना ताईंना वाचून दाखवतात. ताईंना बऱ्याचशा आवडत नाहीत. त्या डब्यात आता पुरण असतं, आणि पट्टीवर ताईंनी ‘पुरण (काना नाही)’ असं लिहिलंय. ते माझ्यासाठी आहे.

एप्रिलमधला तो फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, या सगळ्यात माझाही थोडा हातभार आहे. मी आमच्या हिला तसं म्हटलंही. म्हटलं, मी काना नीट वाचला असता तर ती बाई अजून दारातच असती. ती स्वयंपाकघरात उभी होती, दोऱ्याची पेन्सिल हातात होती. यादी लिहिता लिहिता, वर न बघता म्हणाली, “तुमच्या पेटीचं खोकं एकदा उघडा. घाई नाही काही. पेन्सिलीनंच लिहिलंय.”